जखमेचा दाखला

न्युरेम्बर्गच्या ह्यूगो गुटमान यांचं कचेरीच्या फर्निचरचं दुकान होतं. टेबलं, खुर्च्या, कागद ठेवायची कपाटं. युद्धावरून परतलेला एक अधिकारी पोटासाठी दुकान थाटतो, यात नवल काहीच नाही. पण या माणसाच्या आयुष्यात पुढे जे घडलं ते वाचल्यावर मला त्या कपाटांवरून नजर हटवता येईना. कारण सैनिकाच्या अंगावरची जखम आणि कपाटातला कागद यांचं नातं किती अजब असतं, हे न्युरेम्बर्गइतकं दुसऱ्या कुठल्याच गावाने दाखवलेलं नाही.

गुटमान १८८० साली न्युरेम्बर्गमध्येच जन्मले. धर्माने ज्यू. पहिल्या महायुद्धात ते एका बव्हेरियन पायदळ रेजिमेंटचे ॲडज्युटंट होते. म्हणजे रेजिमेंटचा सगळा कागद त्यांच्या हातून जाई. कोणाला पदक द्यावं याच्या शिफारशीही. १९१८च्या उन्हाळ्यात त्यांनी एका निरोप्याची ‘आयर्न क्रॉस, पहिला वर्ग’ या पदकासाठी शिफारस केली. हुद्द्याने इतक्या खालच्या सैनिकाला हे पदक क्वचितच मिळे. ४ ऑगस्टला ते मिळालं. निरोप्याचं नाव ॲडॉल्फ हिटलर.

हिटलरच्या छातीवर त्याआधीच, मे महिन्यात, आणखी एक बिल्ला लागला होता. लोखंडी पत्र्याचा, काळ्या रंगाचा, लंबगोल. मध्यभागी पोलादी शिरस्त्राण, त्याखाली एकमेकींवर आडव्या दोन तलवारी, भोवती पानांची माळ. हा जखमेचा बिल्ला. ३ मार्च १९१८ रोजी जर्मन कैसरने तो सुरू केला होता. त्याचा हिशेब अगदी वाण्याच्या वहीसारखा सरळ होता. एक किंवा दोन जखमा झाल्या तर काळा बिल्ला, तीन-चार झाल्या तर रुपेरी, पाच किंवा त्याहून जास्त झाल्या तर सोनेरी. हात, पाय किंवा डोळा गेला तर मोजत बसायचं नाही, थेट वरचा रंग.

थांबून विचार केला की यातलं नवेपण जाणवतं. त्याआधी हजारो वर्षं माणसं पदकं, तोडे, इनामं, वतनं देत आली ती पराक्रमासाठी. तू काय केलंस, त्याचं बक्षीस. हा बिल्ला मात्र विचारत होता, तुझं काय झालं? त्यासाठी शूर असणं गरजेचं नव्हतं. खंदकात चहा उकळताना तोफगोळ्याचा तुकडा लागला तरी बिल्ला तोच. आचारी, गाडीवान, कर्नल, सगळे एका ओळीत. ब्रिटिशांनी १९१६ मध्ये जखमी सैनिकाच्या डाव्या बाहीवर सोनेरी पट्टी लावायला सुरुवात केली होती, तीही याच विचाराने. लाखो माणसं एकाच वेळी कामी येऊ लागली आणि पराक्रम म्हणजे नेमकं काय, हे सांगणं अवघड झालं, तेव्हा राज्यकर्त्यांनी जखमा मोजायला घेतल्या.

आणि मोजायचं म्हटलं की कागद आला.

आपल्याकडे म्हणतात, हातच्या काकणाला आरसा कशाला. जखम तर काकणाहून उघड. तरीही तिला आरसा लागतो, कारण जखम बुजते. सहा महिन्यांनी उरतो तो मांडीवरचा एक गुळगुळीत वण. तो तोफगोळ्याचा, की नांगराच्या फाळाचा, की लहानपणी झाडावरून पडल्याचा, हे वण सांगत नाही. क्ष-किरणांत आतला लोखंडाचा तुकडा दिसतो, पण तो कोणी मारला हे दिसत नाही. म्हणून सैन्यांनी एक साधी युक्ती काढली. जखमी माणूस मलमपट्टीच्या ठिकाणी पोहोचला की त्याच्या गणवेशाच्या बटणाला दोरीने एक कार्ड बांधायचं. नाव, नंबर, पलटण, जखम कुठे, कशाने, काय औषध दिलं, किती वाजता. माणूस स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेत, रुग्णवाहिकेतून रेल्वेत, रेल्वेतून इस्पितळात जाई आणि कार्ड त्याच्याबरोबर लोंबकळत जाई. मातीच्या, रक्ताच्या बोटांनी, गोळीबारात, पेन्सिलीने लिहिलेल्या त्या चार ओळी पुढे त्याच्या सगळ्या हक्कांचं मूळ ठरत. पदक, पेन्शन, कृत्रिम पाय, सगळं त्या चार ओळींतून उगवायचं. ज्याचं कार्ड चिखलात पडलं त्याची जखम सरकारदरबारी झालीच नाही.

गुटमान यांच्याकडे कागद होता, पदक होतं. त्यांच्यासारखे सुमारे एक लाख ज्यू सैनिक पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढले होते, आणि १२ हजारांच्या आसपास मारले गेले. तरीही युद्धानंतर अफवा पसरली की ज्यूंनी अंग चोरलं. त्यांच्या माजी सैनिकांच्या संघटनेने याला उत्तर दिलं ते भाषणांनी नव्हे. तिने १९३२ साली एक पुस्तक छापलं आणि त्यात मेलेल्या दहा हजारांहून जास्त सैनिकांची नावं एकामागून एक दिली. एवढी नावं वाचून तरी लोक मानतील, असा त्यांचा भरवसा होता. त्या भरवशाची आठवण झाली की माझ्या पोटात कालवतं.

पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. १९३३च्या एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग स्वतः जुने सेनापती होते. त्यांच्या आग्रहामुळे आघाडीवर लढलेल्यांना सूट मिळाली. १९३४ मध्ये सगळ्या माजी सैनिकांसाठी एक सन्मान-क्रॉस निघाला. त्यासाठी अर्ज करावा लागे, आणि ज्यू माजी सैनिकांनीही रांगेत उभं राहून अर्ज केले. त्यांना तो मिळालासुद्धा. सोबतच्या प्रमाणपत्रावर छापलेलं असे, ‘फ्यूरर आणि राइखचान्सलर यांच्या नावे’. ज्याच्या नावाने सन्मान मिळत होता, तोच त्यांच्या मुळावर उठला होता.

१५ सप्टेंबर १९३५ला न्युरेम्बर्गमध्येच, गुटमान यांच्या गावात, नाझी पक्षाच्या मेळाव्याच्या वेळी भरवलेल्या खास अधिवेशनात ते कुप्रसिद्ध कायदे मंजूर झाले. ज्यू आता जर्मनीचे नागरिक राहिले नाहीत. नोव्हेंबरच्या नियमांनी आघाडीवर लढल्याची सूटही गेली. गुटमान यांचं नाव माजी सैनिकांच्या यादीतून निघालं. पण त्यांचं युद्धाचं पेन्शन मात्र चालू राहिलं! इतिहासकारांना वाटतं की वरून कोणाचा तरी शब्द असावा. १९३८ मध्ये गेस्टापोने त्यांना पकडलं. त्यांचा पूर्वेतिहास माहीत असलेल्या काही लोकांनी त्यांना सोडवलं. १९३९ मध्ये कुटुंब घेऊन ते बेल्जियममार्गे निसटले आणि शेवटी अमेरिकेत सेंट लुईस शहरी नाव बदलून राहू लागले. सेंट लुईस लक्षात ठेवा. त्या शहरापाशी आपण परत येणार आहोत.

जे मागे राहिले ते अर्ज करत राहिले. माझा हात गेला आहे, माझ्याकडे क्रॉस आहे, माझ्या वडिलांना सोडा. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनमध्ये व्हानझे तळ्याकाठच्या बंगल्यात पंधरा अधिकारी जमले आणि युरोपातल्या ज्यूंना संपवण्याच्या कामाची वाटणी करून उठले. त्या बैठकीच्या इतिवृत्तात एक कलम गंभीर जखमी झालेल्या आणि आयर्न क्रॉस पहिला वर्ग मिळवलेल्या ज्यूंबद्दल आहे. त्यांना थेरेझिएनश्टाटच्या ‘वृद्धांच्या वस्ती’त पाठवावं. कारणही लिहून ठेवलंय. असं केलं की त्यांच्यासाठी येणाऱ्या रदबदल्या एका फटक्यात बंद होतील. म्हणजे जखमेचा दाखला, तो दाखवून केलेला अर्ज, त्यावर कोणा जुन्या अधिकाऱ्याची शिफारस, हा सगळा त्या यंत्रणेला झालेला त्रास होता, आणि त्यावर तोडगा काढला गेला. सप्टेंबर १९४२ मध्ये न्युरेम्बर्गहूनही थेरेझिएनश्टाटला गाडी गेली. तिथून पुढे अनेकांना ऑशवित्झला नेलं.

आता कागदाची दुसरी बाजू बघा. त्या इतिवृत्ताच्या ३० प्रती काढल्या होत्या. उरली एकच, १६ क्रमांकाची. १९४७ मध्ये ती परराष्ट्र खात्याच्या फायलींत सापडली, आणि सापडली कोणाला? रॉबर्ट केम्पनर या सरकारी वकिलाच्या माणसांना. केम्पनर स्वतः नाझींनी नोकरीवरून काढलेले जर्मन ज्यू होते आणि आता अमेरिकेच्या बाजूने न्युरेम्बर्गमध्ये खटले चालवत होते. ज्या गावात माजी सैनिकांचे हक्क काढून घेतले गेले त्याच गावातल्या न्यायालयात तो कागद पुराव्याला आला.

सेंट लुईसकडे वळू. अमेरिकेच्या सैनिकांच्या सेवानोंदी या शहराच्या उपनगरातल्या एका प्रचंड इमारतीत ठेवलेल्या असत. १२ जुलै १९७३ रोजी तिथे आग लागली. १६ ते १८ दशलक्ष फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून निवृत्त झालेल्यांच्या नोंदींपैकी ८० टक्के गेल्या. तोवर गुटमान वारले होते. पण दोन महायुद्धं आणि कोरियाचं युद्ध लढलेल्या लाखो म्हाताऱ्यांचा आरसा त्या आगीत फुटला.

अमेरिकेतलं जखमेचं पदक म्हणजे पर्पल हार्ट. जांभळ्या हृदयाची ही कल्पना जॉर्ज वॉशिंग्टनची, १७८२ मधली. तेव्हा ते कापडाचं हृदय होतं आणि चांगल्या कामगिरीसाठी द्यायचं होतं. १९३२ मध्ये, वॉशिंग्टनच्या द्विशताब्दीला, ते धातूचं होऊन परत आलं आणि जखमेशी जोडलं गेलं. जपानवर चढाई करावी लागेल या तयारीने १९४५ मध्ये सुमारे पाच लाख पर्पल हार्ट घडवून ठेवली गेली. चढाई झालीच नाही. तो साठा कोरिया, व्हिएतनाम आणि त्यानंतरच्या युद्धांनाही पुरला. न घडलेल्या लढाईत जे जखमी होणार होते त्यांची पदकं त्यांच्या मुलांच्या, नातवंडांच्या पिढीच्या छातीवर लागली. हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

पदकं लाखोंनी पडून होती. तरी मिनेसोटा राज्यातल्या एका सैनिकाला त्यातलं एक मिळायला ७३ वर्षं लागली. १९५१च्या जूनमध्ये कोरियात उखळी तोफेच्या गोळ्याचा तुकडा त्याच्या मांडीत घुसला. लढाईच्या धांदलीत पट्टी बांधली गेली, पण कागद झाला नाही. तुकडा मांडीत नसेजवळ राहिला, आयुष्यभर दुखत राहिला. म्हातारपणी मुलींनी आग्रह केला म्हणून त्याने अर्ज केला. लष्कराने पुरावा अपुरा म्हणून नाकारला. पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. पट्टी बांधणारे, बघणारे, बहुतेक सगळे कधीच गेलेले. २०२३ मध्ये त्याने लष्करावर खटला भरला. २०२४ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, पदक मिळालं. इतका काळ नियमांत बसणारा एकमेव साक्षीदार त्याच्या मांडीत होता, आणि त्याची साक्ष कोणी नोंदवून घेत नव्हतं.

आपल्याकडे असं पदक यायला स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं जावी लागली. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्यांसाठी भारताने पदक काढलं ते १९७३ साली. आज त्याला पराक्रम पदक म्हणतात. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा. कापसावर रक्ताचा डाग उमटावा तशी ती दिसते. इथेही सगळं नोंदीवर. जखम शत्रूच्या हातची की अपघाताची, ‘बॅटल कॅज्युअल्टी’ की साधी, या एका शब्दावर पेन्शनचा आकडा बदलतो. तो शब्द बदलून घ्यायला किती सुभेदार, हवालदार सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे उभे राहिले असतील! सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं, की भरतीच्या वेळी ज्याच्या अंगात दोष नोंदलेला नाही तो धडधाकटच होता असं धरा, आणि शंकेचा फायदा सैनिकाला द्या. मला हा निकाल फार मोठा वाटतो. कागद नसेल तर सैनिकाचा शब्द धरायचा, इतकं त्यात आहे.

आणि आता सांगली जिल्हा. पेठ इस्लामपूरचा मुरलीकांत पेटकर नावाचा मुलगा कुस्तीच्या नादात वाढला, सैन्यात गेला, तिथे बॉक्सर झाला. १९६५च्या सप्टेंबरमध्ये, पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं असताना, छावणीवर विमानांतून हल्ला झाला आणि त्यांना नऊ गोळ्या लागल्या. त्यातली एक मणक्यापाशी रुतून बसली, ती आजही तिथेच आहे. दीर्घ काळ शुद्ध नव्हती. शुद्धीवर आले तेव्हा कमरेखालचं शरीर गेलं होतं. मुंबईला कुलाब्याच्या नौदल इस्पितळात, ‘अश्विनी’मध्ये, उपचार चालले आणि पाण्यात उतरायला सांगण्यात आलं.

त्याच्या तीसेक वर्षं आधी हाच माणूस जगला नसता. मणका तुटलेला सैनिक म्हणजे मेलेला सैनिक असंच डॉक्टर धरून चालत. पाठीला जखमा चिघळत, मूत्रमार्गात जंतू शिरत आणि काही आठवड्यांत, महिन्यांत माणूस जाई. हे बदललं एका डॉक्टरने, आणि त्याचंही आडनाव गुटमान. लुडविग गुटमान. न्युरेम्बर्गच्या गुटमानांशी नातं नाही, पण दोघांच्या आयुष्यात शिरलेला कायदा एकच. ब्रेस्लाऊचा हा ज्यू मेंदूशल्यविशारद नाझींनी नोकरीतून काढला. १९३९ मध्ये तो इंग्लंडला आला आणि १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल इस्पितळात मणक्याच्या जखमींचा विभाग त्याच्या हाती आला. त्याने केलं काय? दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाला कुशीवर वळवायला लावलं. एवढ्यानेच माणसं जगायला लागली. मग त्यांना नुसतं जगवून भागेना म्हणून त्याने खेळ आणले. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, इस्पितळाच्या हिरवळीवर १६ जखमी स्त्री-पुरुष सैनिकांनी चाकाच्या खुर्च्यांवरून तिरंदाजी केली. पॅरालिंपिक उगवलं ते त्या हिरवळीतून.

पेटकर १९६८ला तेल अवीवच्या स्पर्धेत टेबल टेनिस खेळले. मग १९७२. ऑलिंपिक म्युनिकला होतं, पण तिथली खेळाडूंची घरं पुढे विकायची होती म्हणून पॅरालिंपिक हायडेलबर्गला हलवलं गेलं. २ ते ११ ऑगस्ट. ज्या देशाने लुडविग गुटमानना हाकललं होतं त्या देशात त्यांनी रुजवलेले खेळ भरले होते आणि ते स्वतः तिथे प्रमुख म्हणून वावरत होते. पेटकर ५० मीटर पोहायला पाण्यात उतरले. पाय मारता येत नव्हते, सगळं अंग दोन हातांनी ओढून न्यायचं. ३७.३३ सेकंद. विश्वविक्रम, आणि सुवर्णपदक. ऑलिंपिक असो की पॅरालिंपिक, एकट्या भारतीयाने मिळवलेलं ते पहिलं सोनं. अभिनव बिंद्राच्या नेमबाजीच्या ३६ वर्षं आधीचं.

मग ते पुण्याला टेल्कोत नोकरीला लागले. १९७५ मध्ये राज्य सरकारचा शिवछत्रपती पुरस्कार मिळाला. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला. अर्ज नाकारला गेला, अपंग असल्याच्या कारणावरून, असं त्यांनीच पुढे मुलाखतींतून सांगितलं. जखमेच्या पदकांच्या इतक्या गोष्टी वाचल्यावर या नकाराचा उलटेपणा मला आणखी बोचतो. बाकी सगळ्यांना सांगितलं गेलं की तुमची जखम सिद्ध होत नाही. पेटकरांची जखम इतकी सिद्ध होती की तिच्यामागचा खेळाडू कोणाला दिसला नाही. त्यांनी कात्रणं, प्रमाणपत्रं बाजूला ठेवून दिली आणि पुन्हा काही मागायचं नाही असं ठरवलं.

काळ मात्र हलत होता. २०१८ मध्ये पद्मश्री आली. २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला आणि इस्लामपूरबाहेरच्या पोरांनाही पेटकर कळले. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात द्रौपदी मुर्मू यांच्या हातून त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला. ऐंशी वर्षांचे पेटकर कुबड्यांच्या आधाराने पुढे गेले. त्यांच्या हाती दिली गेली ती ब्राँझची मूर्ती, धनुष्य ताणलेल्या अर्जुनाची. मणक्यातली गोळी तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती.